टेस्ट लॅम्प, स्कॅनर आणि स्वयंचलित गिअरबॉक्स

स्वयंचलित गिअरबॉक्समधला विजेचा दोष शोधणे हे जालना एमआयडीसीच्या परिसरातल्या गॅरेजांकडे सगळ्यात उशिरा आलेले काम. त्याआधी मोटारदुरुस्तीत दोन वेगळे धंदे होते आणि ते एकमेकांच्या हद्दीत सहसा पाऊल टाकत नसत. गिअरबॉक्स मिस्त्रीचा, वायरिंग ऑटो इलेक्ट्रिशियनचे. गिअर पडत नसेल तर क्लच पाहायचा, आवाज येत असेल तर बेअरिंग. सेल्फ लागत नसेल किंवा दिवा पेटत नसेल तर मात्र शेजारच्या टपरीतल्या वायरमनला हाक मारायची. गिअरबॉक्सच्या पोटात तारा शिरल्या आणि ही वाटणी मोडली. मिस्त्रीला व्होल्ट समजेनात, वायरमनला तेलाचा दाब समजेना, आणि मधल्या काळात बरेच चांगले गिअरबॉक्स उगाच उघडले गेले.

जालन्याला वाहनांचा धंदा मालवाहतुकीमुळे मिळाला. निजामाच्या हैदराबाद संस्थानातले हे छावणीचे आणि बाजारपेठेचे गाव. १९०० च्या सुमारास मनमाड-सिकंदराबाद मीटरगेज लोहमार्ग इथून गेला. निजाम स्टेट रेल्वेने १९३२ साली रस्तावाहतूक खाते काढले तेव्हा त्या खात्याकडे सगळ्या संस्थानासाठी २७ बसगाड्या होत्या. सप्टेंबर १९४८ मध्ये संस्थान भारतात आले, १९५६ साली मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० साली महाराष्ट्रात आला. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ, म्हणजे एमआयडीसी, १ ऑगस्ट १९६२ रोजी स्थापन झाले. जालन्यातच १९६४ साली बद्रीनारायण बारवाले यांनी महिको ही बियाणे कंपनी सुरू केली आणि १ मे १९८१ रोजी जालना स्वतंत्र जिल्हा झाला. औद्योगिक वसाहतीत पुढे जम बसला तो लोखंडाचा. भंगार आणि स्पंज आयर्न इंडक्शन भट्टीत वितळवायचे, त्याचे बिलेट ओतायचे आणि रोलिंग मिलमध्ये त्यांच्या सळया काढायच्या. कच्चा माल ट्रकने येणार आणि पक्का माल ट्रकनेच जाणार, त्यामुळे ट्रक थांबतो तिथे ऑटो इलेक्ट्रिशियनचे दुकान थाटले जाणे ओघानेच आले.

त्या काळातल्या इलेक्ट्रिशियनचा पसारा थोडा होता: डायनामो, कटआउट, बॅटरी, सेल्फ, हॉर्न, दिवे. कटआउट म्हणजे डायनामो थांबला की बॅटरीचा करंट उलटा त्यात जाऊ नये म्हणून बसवलेला रिले. जुन्या ब्रिटिश बनावटीच्या गाड्यांत बॅटरीचे प्लस टोक चासीला जोडलेले असे. ते लक्षात न ठेवणाऱ्याची फजिती ठरलेली. १९६१ साली मद्रासजवळ लुकास-टीव्हीएसचा कारखाना निघाला आणि देशी बनावटीचे डायनामो नि सेल्फ सगळीकडे पोचले. पुढे डायनामोची जागा अल्टरनेटरने घेतली.

या माणसाचे मुख्य हत्यार टेस्ट लॅम्प. इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब, त्याच्या होल्डरला दोन तारा, एका तारेला मगरचिमटा आणि दुसरीला टोकदार सुई. चिमटा बॉडीला लावायचा, सुई वायरला टेकवायची. बल्ब लख्ख पेटला तर करंट आहे, मंद पेटला तर वाटेत कुठेतरी अडथळा आहे. हे साधन गावठी दिसत असले तरी त्यात एक मोठी गोष्ट दडलेली होती. २१ वॅटचा बल्ब १२ व्होल्टवर पावणेदोन अँपिअर ओढतो. म्हणजे तो तारेवर व्होल्टेज आहे की नाही एवढेच सांगत नाही, ती तार भार सोसते की नाही हेही सांगतो. पुढच्या काळात महागडी मीटरे आली तेव्हा हेच नेमके विसरले गेले.

स्वयंचलित गिअरबॉक्स मुळात विजेवर चालत नव्हता. हेरमान फ्योटिंगर या जर्मन अभियंत्याने १९०५ साली जहाजांसाठी द्रवचलित जोडणीचे पेटंट घेतले. इंजिनाने एक पंखा फिरवायचा, त्याने ढकललेल्या द्रवाने समोरचा दुसरा पंखा फिरवायचा, दोघांत लोखंडाचा सांधा नाही. मोटारीतला टॉर्क कन्व्हर्टर याच कल्पनेतून आला. जनरल मोटर्सने १९४० च्या ओल्ड्समोबाइलसाठी हायड्रामॅटिक बाजारात आणला. त्यात गिअर कधी बदलायचा हे तेलाचा दाबच ठरवी. गाडीचा वेग वाढला की गव्हर्नरमधला दाब वाढे, पेडल दाबले की थ्रॉटल व्हॉल्व्हचा दाब वाढे, आणि या दोघांच्या रस्सीखेचीत जो जिंकेल त्याप्रमाणे झडप सरके. या जातीच्या गिअरबॉक्सांत विजेचा संबंध आला तो फार तर गाडी गिअरमध्ये असताना सेल्फ लागू न देणाऱ्या स्विचपुरता, आणि काही गाड्यांत पेडल तळाशी दाबल्यावर खालचा गिअर पाडणाऱ्या किकडाउनपुरता.

रेनो कंपनीने १९६९ साली आपल्या १६ टीए या मोटारीत इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाचा स्वयंचलित गिअरबॉक्स दिला, आणि १९८० च्या दशकात जपानी आणि जर्मन गाड्यांत ही पद्धत रुळली. गव्हर्नरच्या जागी वेग मोजणारे सेन्सर आले. एक गिअरबॉक्समध्ये शिरणाऱ्या दांड्याचा वेग मोजतो, दुसरा बाहेर पडणाऱ्या दांड्याचा. तेलाचे तापमान सांगायला थर्मिस्टर आला. लिव्हर पी, आर, एन, डी यांपैकी कुठे आहे हे सांगणारा स्विच आला; मिस्त्रीलोक त्याला इनहिबिटर म्हणतात. ही सगळी माहिती ट्रान्समिशन कंट्रोल युनिटकडे, गॅरेजच्या भाषेत टीसीएमकडे, जाते. तो हिशेब करून सोलेनॉइडना करंट देतो. सोलेनॉइड म्हणजे तारेचे वेटोळे आणि त्याच्या ओढीने सरकणारी बारीक झडप. ती तेलाची वाट उघडते किंवा बंद करते. गिअर बदलण्याचे बळ अजूनही तेलाचेच असते, पण हुकूम आता विजेचा.

या हुकमात खंड पडला तर गिअरबॉक्स जळू नये म्हणून एक सोय असते. दोष दिसताच टीसीएम सोलेनॉइडचा करंट तोडतो आणि करंट नसताना झडपा जिथे बसतील तो एकच गिअर उरतो. चार गिअरच्या पुष्कळ गाड्यांत तो तिसरा असतो. मर्सिडीजच्या १९९६ पासूनच्या पाच गिअरच्या बॉक्समध्ये गाडी बंद करून परत चालू केली की दुसरा. गिऱ्हाइकाची तक्रार ठरलेली असते: गाडी उचलत नाही, इंजिन नुसते ओरडते. क्लच घसरल्याची लक्षणे अगदी अशीच. जुना मिस्त्री त्यामुळे पहिल्यांदा तेल काढी, मग चेंबर खोली, मग क्लचप्लेटा काढून टेबलावर मांडी, आणि त्या बहुधा चांगल्याच निघत.

भारतात या गाड्या फार हळू आल्या. १९९० च्या दशकात मारुतीने झेन आणि एस्टीम स्वयंचलित रूपात विकून पाहिल्या, पण घेणारे थोडे. होंडा सिटी १९९८ साली आली आणि काही वर्षांत तिचे स्वयंचलित रूपही आले. मराठवाड्याला या तंत्राचा शेजार मिळाला तो २००१ साली, जालन्याकडून औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला, जाताना लागणाऱ्या शेंद्रा एमआयडीसीत स्कोडाचा जुळणी कारखाना सुरू झाला तेव्हा. ऑक्टाव्हिया, सुपर्ब, लॉरा या गाड्या तिथून निघाल्या. पुढे ऑडीच्या गाड्यांचीही जुळणी तिथेच झाली. ऑक्टोबर २०१० मध्ये औरंगाबादच्या व्यावसायिकांनी मिळून एकाच खेपेला सुमारे ६५ कोटी रुपयांच्या १५० मर्सिडीज घेतल्या आणि त्याची बातमी देशभर गाजली. या बहुतेक गाड्यांना क्लचचे पेडलच नव्हते. हमी संपली की अशी गाडी शोरूमऐवजी ओळखीच्या गॅरेजकडे वळते. आधी मालकाची गाडी, मग तीच गाडी जुन्या बाजारातून घेणाऱ्या दुसऱ्या मालकाची. लोखंडाच्या धंद्यात पैसा खेळणाऱ्या जालन्यात हे व्हायचेच होते.

नव्या गाडीने सगळ्यात आधी मोडला तो धक्क्याचा रिवाज. बॅटरी उतरली की चार माणसांनी धक्का मारायचा, दुसऱ्या गिअरवर क्लच सोडायचा आणि गाडी चालू करायची, ही पिढ्यांची सवय. स्वयंचलित गाडीत तेलाचा पंप इंजिनावर फिरतो. इंजिन बंद तर दाब नाही, दाब नाही तर क्लच बसत नाहीत, आणि चाके फिरली तरी ती इंजिनाला फिरवू शकत नाहीत. कितीही जण लागले तरी गाडी चालू होत नाही. टोचनाचा प्रकार याहून वाईट. बंद पडलेली गाडी दोराने ट्रकमागे बांधून आणायची तर चाके गिअरबॉक्सचे भाग फिरवतात आणि पंप बंद असल्याने त्यांना तेल मिळत नाही. निघताना दोष एका फ्यूजचा असतो. वीस-पंचवीस किलोमीटर ओढून आणल्यावर बेअरिंग आणि क्लचही गेलेले असतात. अशा गाड्यांच्या बाबतीत मूळ दोष कोणता आणि टोचनाने केलेला कोणता हे वेगळे काढणे आजही कठीण जाते.

दोषाला नाव मिळाले ते कोडमुळे. आरंभीच्या इलेक्ट्रॉनिक गाड्यांत डॅशबोर्डवरचा दिवा ठरावीक वेळा लुकलुके आणि ते लुकलुकणे मोजून तक्त्यात अर्थ पाहायचा. दर कंपनीचा तक्ता निराळा. अमेरिकेत १९९६ सालच्या मॉडेलपासून ओबीडी-२ ही एकच पद्धत सक्तीची झाली: स्टिअरिंगखाली सोळा पिनांचा सॉकेट आणि पाच अक्षर-अंकांचा कोड. भारतात बीएस-४ नियमांबरोबर १ एप्रिल २०१० पासून पहिल्या टप्प्याची आणि १ एप्रिल २०१३ पासून दुसऱ्या टप्प्याची ओबीडी आली. उद्देश प्रदूषणावर नजर ठेवण्याचा होता, पण सॉकेटचा फायदा गॅरेजला झाला. पी म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्सचा वर्ग, शून्य म्हणजे सगळ्या कंपन्यांना समान कोड, सात म्हणजे ट्रान्समिशन. पी ०७१५ हा आत शिरणाऱ्या वेगाच्या सेन्सरचा, पी ०७२० बाहेरच्या वेगाचा, पी ०७०५ लिव्हरच्या स्विचचा, पी ०७५० पहिल्या शिफ्ट सोलेनॉइडचा. पी ०७०० स्वतः काहीच सांगत नाही. टीसीएमने इंजिनाच्या संगणकाला दिलेली ती नुसती हाक: माझ्याकडे दोष नोंदला आहे, मला विचारा. बाजारातला स्वस्त स्कॅनर बऱ्याचदा इंजिनाच्या संगणकाशीच बोलतो, टीसीएमपर्यंत पोचतच नाही. मग पी ०७०० पाहून गिअरबॉक्स गेला असे सांगितले जाते. निव्वळ अज्ञानातून दिलेला हा निकाल गिऱ्हाइकाला लाखाच्या घरात पडू शकतो.

कोडच्या शब्दांत सर्किट असते, सुटा भाग नसतो, हे ध्यानात यायलाही वेळ लागला. सोलेनॉइड सर्किट म्हणजे टीसीएमची पिन, तिथून निघणारी तार, गिअरबॉक्सवरचा कपलर, आतली तार, वेटोळे आणि त्याचा अर्थ. यातले काहीही बिघडले तरी कोड तोच. स्कॅनर आला तेव्हा कोड वाचायचा आणि भाग बदलायचा अशी चाल पडली. नवा सोलेनॉइड टाकूनही दिवा परत लागला की सगळा बॉक्सच बदलायची भाषा सुरू होई.

एक सोलेनॉइड जवळून पाहिला तर अडचण कळते. टोयोटाच्या पुष्कळ गिअरबॉक्सांत चालू-बंद जातीच्या शिफ्ट सोलेनॉइडचा रोध २० अंश सेल्सिअसला ११ ते १५ ओहम असावा असे दिलेले असते. समजा वेटोळे १२ ओहमचे आणि निर्दोष आहे. १२ व्होल्टवर त्यातून एक अँपिअर जातो. आता कपलरच्या पिनेवर हिरवा गंज धरला आणि त्याने तीन ओहमची भर घातली. टीसीएमच्या टोकाकडून मल्टिमीटर लावला तर १५ ओहम दिसतात, म्हणजे मर्यादेच्या आत. तपासणारा सोलेनॉइड पास करतो. प्रत्यक्षात करंट ०.८ अँपिअरवर आला आहे आणि वेटोळ्याला १२ ऐवजी ९.६ व्होल्टच मिळत आहेत. त्यात तांब्याचा रोध दर अंशाला सुमारे ०.४ टक्क्याने वाढतो. तेल १०० अंशांवर गेले की १२ ओहमचे वेटोळे पावणेसोळा ओहमचे होते आणि करंट आणखी उतरतो. सकाळी गार गाडी सुरळीत चालते, दुपारी अंबड चौफुलीच्या गर्दीतून बाहेर पडेपर्यंत गिअर अडकतो, संध्याकाळी गॅरेजमध्ये निवल्यावर परत सगळे ठीक. गिऱ्हाईक खोटे बोलतो असा समज याच दोषाने पसरवला.

यावरचा इलाज व्होल्टेज ड्रॉप मोजणे. सर्किट चालू ठेवायचे, भार पडू द्यायचा आणि मीटरच्या दोन टोकांमध्ये फक्त सांधा पकडायचा: कपलरच्या अलीकडे एक, पलीकडे एक. चांगल्या सांध्यावर व्होल्टचा दहावा-पाचवा हिस्साच पडतो. वरच्या उदाहरणातल्या गंजलेल्या पिनेवर २.४ व्होल्ट पडतील. डिजिटल मल्टिमीटर स्वतः जवळजवळ करंटच ओढत नाही, म्हणून तुटत आलेल्या तारेचा एक केस जरी शाबूत असला तरी भार नसताना तो १२ व्होल्ट दाखवतो आणि तपासणाऱ्याला फसवतो. टेस्ट लॅम्प अशा तारेवर मंद पेटतो. जुन्या वायरमनच्या हाताला जे न शिकवता माहीत होते ते नव्या पिढीला पुन्हा शिकावे लागले ते असे. अर्थात हाच दिवा टीसीएमच्या सेन्सरच्या तारेला लावला तर पावणेदोन अँपिअरने आतला ट्रान्झिस्टर जाऊ शकतो. फ्यूज, रिले, पुरवठ्याची तार आणि बॉडी अर्थ इथे दिवा. सेन्सर आणि संगणकाच्या पिनेवर मीटर. ही मर्यादा पाळणारा कारागीर चांगला समजावा.

काही दोष एकाच जातीच्या बॉक्सला चिकटलेले असतात. मर्सिडीजच्या त्याच पाच गिअरच्या बॉक्समध्ये तेरा पिनांचा एक गोल प्लग केसिंगमधून आत जातो. त्याच्या रबरी रिंगा कडक झाल्या की तेल झिरपते. त्यातले काही बाहेर ठिबकते, पण काही तारेच्या केसांमधल्या फटीतून दिव्याच्या वातीत चढावे तसे वर चढते आणि थेट टीसीएमच्या कपलरमध्ये उतरते. गिअर उडतात, कोड रोज नवा दिसतो. कपलर काढून तो तेलकट आहे का हे बोटाने पाहणे, ही या गाडीची पहिली तपासणी, स्कॅनर त्यानंतर. रिंगांसह नवा प्लग सोलेनॉइडच्या मानाने अगदी स्वस्त.

तेल आणि वीज एकत्र आल्याचा सगळ्यात मोठा दाखला फोक्सवॅगन समूहाचा. नोव्हेंबर २०१३ मध्ये या समूहाने सात गिअरच्या डीएसजी बॉक्सचे सिंथेटिक तेल बदलून खनिज तेल भरण्यासाठी जगभरातल्या सुमारे १६ लाख गाड्या परत बोलावल्या. उष्ण-दमट हवेत आणि रखडत्या रहदारीत ते तेल बॉक्सच्या वीजपुरवठ्यात बिघाड घडवू शकत होते. यांत्रिक भागांत खोट नव्हती. तेलाची निवड हा विजेच्या दोषाचा भाग ठरू शकतो, हे तोवर फारसे कुणी मनावर घेत नसे.

फेब्रुवारी २०१४ मध्ये मारुतीची सेलेरिओ आली आणि स्वयंचलित गाडी मध्यमवर्गाच्या दारात उभी राहिली. तिच्यात टॉर्क कन्व्हर्टर नव्हता. साधा हाताने बदलायचा गिअरबॉक्स आणि साधा क्लच, फक्त पाय आणि हात यांचे काम विजेच्या पंपाने दाबलेले तेल आणि सोलेनॉइड करणार. हिला एएमटी म्हणतात. जुन्या मिस्त्रीला आतला बॉक्स ओळखीचा वाटला. बाहेरचे तारांचे जाळे नाही. या गाड्यांत ब्रेकदिव्याचा स्विच फार महत्त्वाचा झाला. ब्रेक दाबल्याची खात्री पटल्याशिवाय संगणक गाडी चालू होऊ देत नाही, आणि टॉर्क कन्व्हर्टरच्या गाडीत लिव्हर पी मधून हलू देत नाही. स्विच झिजला किंवा ब्रेकदिव्याचा फ्यूज उडाला की गिअर अडकला अशी ओरड होते. अशा वेळी एका माणसाने गाडीमागे उभे राहून ब्रेकदिवे लागतात का हे पाहावे. ही तपासणी फुकट आहे आणि तरीही ती वगळली जाते. बऱ्याच गाड्यांत लिव्हरशेजारी झाकणाखाली शिफ्ट लॉक सोडवायची बारीक खाच असते. ती वापरून गाडी निदान रस्त्यातून बाजूला घेता येते.

तारांची संख्या वाढत गेली तसा बॉशने १९८६ साली मांडलेला कॅन हा मार्ग सर्वत्र पसरला. पीळ घातलेल्या दोन तारांवर गाडीतले सगळे संगणक एकमेकांशी बोलतात. दोन टोकांना १२० ओहमचे एकेक रोधक. म्हणून बॅटरी सोडून सॉकेटच्या ६ आणि १४ क्रमांकाच्या पिनांमध्ये मोजले तर ६० ओहम यावेत. १२० आले तर एक टोक तुटले, शून्याजवळ आले तर दोन्ही तारा एकमेकींना चिकटल्या. या मार्गावरचा दोष भलत्याच ठिकाणी उमटतो. म्युझिक सिस्टीम किंवा अलार्म बसवणाऱ्याने चुकीच्या तारेला टेप गुंडाळून जोड दिला आणि टीसीएम बोलेनासा झाला, की यू ०१०१ हा कोड येतो. त्याचा अर्थ गिअरबॉक्स बिघडला असा नसून त्याच्याशी संपर्क तुटला एवढाच.

औद्योगिक वसाहतीतल्या सवयींनी यात आपली भर घातली. इथे वेल्डिंग मशीन पदोपदी. सायलेन्सरचा पत्रा किंवा बंपरचा ब्रॅकेट गाडीवरच वेल्ड करायचा, बॅटरी सोडायची नाही, आणि वेल्डिंगची अर्थ दूर कुठेतरी लावायची. तो करंट परतताना संगणकांच्या अर्थमधून वाट काढतो. दुसरी सवय मेगरची. रोलिंग मिलच्या मोटारींचे इन्सुलेशन मेगरने ५०० व्होल्ट लावून तपासतात, आणि मिलमधला इलेक्ट्रिशियन सुटीच्या दिवशी साहेबांची गाडीही पाहून देतो. १२ व्होल्टच्या हार्नेसला, कपलर न सोडता, मेगर लावला तर शोधायला आलेला दोष सापडो न सापडो, टीसीएम मात्र जातो. मोंढ्याच्या, म्हणजे धान्यबाजाराच्या, आसपास उभ्या राहणाऱ्या गाड्यांना उंदरांचा त्रास वेगळाच. कुरतडलेली तार बाहेरून शाबूत दिसते आणि पावसाळ्यात ओल धरल्यावरच दोष देते.

बॅटरी आणि अल्टरनेटर मात्र जुन्या काळाप्रमाणेच पहिल्या संशयिताच्या जागी राहिले. सेल्फ मारताना बॅटरी ९.६ व्होल्टच्या खाली जात असेल तर संगणक अर्धवट जागे होतात आणि नको ते कोड नोंदवतात. अल्टरनेटरमधला एखादा डायोड गेला तर दिव्याला फरक कळत नाही, पण बॅटरीच्या टोकांवर एसी लहर येते आणि वेगाच्या सेन्सरचे बारीक संकेत तिच्यात बुडतात; सपाट रस्त्यावर गाडी उगाच हिसके देते. मीटर एसीवर ठेवून बॅटरीवर अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसले की अल्टरनेटर उघडावा, गिअरबॉक्स नव्हे.

११ डिसेंबर २०२२ रोजी समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा टप्पा खुला झाला. तो जालन्याहून जातो. ताशी १२० किलोमीटरने तासन् तास, तेही मे महिन्यात, अशी चाल या भागातल्या गाड्यांना पूर्वी मिळत नव्हती. गावात न दिसणारे उष्णतेचे दोष अशा चालीत बाहेर येतात: टॉर्क कन्व्हर्टरचा लॉकअप सुटणे, गरम झाल्यावरच तुटणारा सांधा, पंखा न फिरल्याने तापलेले तेल. गॅरेजमध्ये उभ्या गाडीवर हे सापडत नाहीत. स्कॅनर जोडून, तेलाचे तापमान आणि दोन्ही दांड्यांचे वेग नोंदवत गाडी चालवूनच पाहावी लागते. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांच्या यादीत मोटार मेकॅनिकच्या जोडीला वाहनाच्या वीज आणि इलेक्ट्रॉनिक्सचा स्वतंत्र अभ्यासक्रम आहे, पण हे काम करणारे बहुतेक हात अजून उस्तादाजवळ बसूनच तयार होतात.

विजेच्या मोटारीत गिअर बदलण्याचाच प्रश्न उरत नाही. जानेवारी २०२० मध्ये आलेल्या टाटा नेक्सॉन ईव्हीसारख्या गाडीत एकच गिअर असतो. डी आणि आर हे मोटारीला दिलेले हुकूम. लिव्हरचा स्विच, ब्रेकचा स्विच आणि कॅनच्या दोन तारा तेवढ्या राहिल्या आणि त्यांचे दोष आधीसारखेच शोधतात. नारिंगी आवरणाच्या तारांत मात्र तीनशेवर व्होल्ट असतात. तिथे टेस्ट लॅम्पला मज्जाव आहे, आणि प्रशिक्षित माणूस पुरवठा तोडून, रबरी हातमोजे घालून त्या तारांचे इन्सुलेशन मेगरनेच तपासतो.